पहिलं हरिकेन: प्लास्टिकचं युद्धविमान जोडायचं आणि रंगवायचं कसं

माझ्या कपाटात वरच्या फळीवर एक हरिकेन आहे. त्याच्या डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय, इतका स्पष्ट की आधार केंद्रावर चालून जाईल. तो कसा उमटला ते पुढे येईलच. त्या एका विमानात मी करता येतील तेवढ्या सगळ्या चुका करून घेतल्या. वैमानिकाच्या डोक्यावरची काच धुरकट झाली, रंगाचे ओघळ आले, पंखावरची चिन्हं कागद चिकटवल्यासारखी दिसायला लागली. हात सगळ्यांचेच थोडे थरथरतात, त्याने फारसं बिघडत नाही. माझं बिघडलं ते कुठल्या कामानंतर कुठलं काम करायचं हे माहीत नसल्यामुळे. सूचनापत्रात चित्रं असतात, पण कधी थांबायचं ते लिहिलेलं नसतं.

म्हणून हा लेख पहिल्यांदाच खोका हातात घेणाऱ्यांसाठी. उदाहरणाला दुसऱ्या महायुद्धातलं हॉकर हरिकेन घेतलंय. दुसरं एका इंजिनाचं विमान घेतलंत तरी क्रम हाच.

१. विमान आणि स्केल निवडणं

दुकानात गेलं की डोळे चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाकडे जातात. खोकाही मोठा असतो. ते ठेवून द्या. पहिलं विमान एका इंजिनाचं, एका माणसाचं, दोन-तीन रंगांचं असावं. हरिकेन त्यात चपखल बसतं. ते शेपटीच्या चाकावर टेकून उभं राहतं, त्यामुळे नाकात वजन भरायची भानगड नाही. मिग-२१ सारख्या नाकाखाली चाक असलेल्या विमानात गळाला लावायचं शिसं भरावं लागतं, नाहीतर ते मागे बसतं.

सिडनी कॅमने आखलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत नाव स्पिटफायरचं झालं, पण आकाशात संख्येने जास्त हरिकेनच होती. आपल्याकडचा धागाही जवळचा आहे. १९४४ मध्ये इंफाळला वेढा पडला तेव्हा अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची १ क्रमांकाची स्क्वाड्रन तिथे हरिकेनच उडवत होती. दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरं हरिकेन बघता येतं. मॉडेल करण्याआधी खरं बघितलेलं असलं तर पुढे फार उपयोग होतो.

इथेच पहिला सापळा आहे. दुकानात सहज मिळतं ते बहुधा मार्क १, म्हणजे विमानाची पहिली आवृत्ती, ब्रिटनच्या लढाईतली, पंखात आठ मशिनगन असलेली. इंफाळचं हरिकेन मार्क २. त्याचं नाक थोडं लांब, शस्त्रंही वेगळी: २बी ला बारा मशिनगन, २सी ला २० मिमीच्या चार तोफा. मार्क १ चा खोका आणून त्यावर इंफाळची चिन्हं लावली की जाणकार माणूस पहिल्या नजरेत ओळखतो. अर्जन सिंगांच्याच स्क्वाड्रनचं करायचं असेल तर खोक्यावर मार्क २ लिहिलंय ना ते बघून घ्या. खाली मी मार्क १ धरून चाललोय.

स्केल १/७२ घ्या. यात खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे मॉडेलवर एक इंच. हरिकेनच्या पंखांचा खरा विस्तार १२.१९ मीटर, म्हणजे मॉडेलचा १६९ मिमी. पाच फूट आठ इंचाचा वैमानिक उभा केला तर २४ मिमीचा होतो. १/४८ हाताळायला सोपं असतं, पण महाग पडतं आणि जागा खातं. आपल्या घरांत जागेचा हिशोब आधी मांडावा लागतो.

२. सामान: काय विकत, काय घरातलं

हॉबीच्या दुकानातून आणायचं:

- प्लास्टिक जोडायचा पातळ सिमेंट, झाकणातच ब्रश असलेला. तामिया कंपनीची हिरव्या झाकणाची बाटली सर्वात सोयीची.
- रंग. मार्क १ साठी वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खाली स्काय. तामियात अनुक्रमे एक्सएफ-५२, एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-२१. कॉकपिटच्या राखाडी हिरव्यासाठी एक्सएफ-७१ चालून जातो. शिवाय मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, काळा.
- ६ आणि १० मिमीची मास्किंग टेप. हार्डवेअरच्या दुकानातली रुंद टेप नको, ती रंगासकट निघते.
- एक ग्लॉस (चकचकीत) आणि एक मॅट वार्निश.

मेडिकलमधून: ११ नंबरची सर्जिकल पाती आणि ३ नंबरचं हँडल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायच्या कापसाच्या काड्या. गाडी रंगवणाऱ्यांच्या दुकानातून: एनसी पुट्टी, म्हणजे आपली लांबी, आणि ४००, ८००, १२०० नंबरचा पाण्यात घासायचा पॉलिश पेपर. घरातून: नेलकटर, भुवया कोरायचा चिमटा (विचारून घ्या), कपड्यांचे चिमटे, टूथपिक, फेव्हिकॉल.

दोन गोष्टी जवळही आणू नका. एक म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, कारण त्यातलं अॅसिटोन प्लास्टिक विरघळवतं. दुसरा गाडीच्या रंगाचा थिनर. ब्रशने लावला की तोही प्लास्टिक खातो.

ब्रशने रंगवणार असाल तर रंगाच्या बाबतीत एक सांगून ठेवतो. तामियाचे अॅक्रिलिक एअरब्रशसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसाठी, उत्तम, पण ब्रशने दुसरा हात देताना खालचा उचलतात. ब्रशला वॅलेहोचे पाण्यातले रंग जास्त मानवतात. मात्र त्यात अल्कोहोल घालू नका, लगेच गोळा होतो. पाणी किंवा त्यांचाच थिनर.

३. खोका उघडल्यावर पहिली संध्याकाळ

पहिल्या संध्याकाळी काहीही चिकटवायचं नाही. सूचनापत्र शेवटपर्यंत वाचा. ज्या चौकटीला भाग जोडलेले येतात तिला स्प्रू म्हणतात. सगळे स्प्रू भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य त्यावर राहिलेलं असतं आणि पुढे त्याच जागी रंग धरत नाही.

भाग स्प्रूवरून सगळे एकदम काढू नका. नंबर स्प्रूवर असतात, भागावर नसतात. मी उत्साहाने सगळे काढून डब्यात भरले होते आणि मग चाकाच्या पाचसहा झाकणांसमोर नवऱ्यामुलाच्या पत्रिका जुळवत बसावं तसा बसलो होतो.

काढताना भागाला खेटून कापायचं नाही. दोन मिमी देठ ठेवून नेलकटरने कापा, उरलेला देठ पातीने सोला, मग पॉलिश पेपर. पात अंगापासून दूर जाईल अशीच चालवा. ती सर्जनची आहे, बोट आणि प्लास्टिक यात फरक करत नाही.

४. आतलं आधी

विमानाचं धड दोन अर्ध्या भागांत येतं. ते बंद झालं की आत ब्रश जात नाही. म्हणून कॉकपिटच्या भिंती, आसन, यंत्रांचा काळा फलक आधी रंगवून घ्या. फलकावरची घड्याळं उठावदार असतील तर काळ्यावर जवळजवळ कोरडा ब्रश, टोकाला नावापुरता पांढरा रंग घेऊन, अलगद फिरवा. आसनाचे पट्टे मास्किंग टेपच्या पाऊण मिमी रुंद पट्ट्यांचे करा. १/७२ मध्ये काच लागल्यावर यातलं फारच थोडं दिसतं, म्हणून इथे आठवडा घालवू नका.

५. जोडणी

हा सिमेंट गोंद नाही. तो प्लास्टिक वितळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत मिसळून घट्ट होतात. त्यामुळे भागांवर आधी थापून मग दाबायची पद्धत इथे विसरा. दोन्ही भाग कोरडेच जुळवा, हाताने धरा, आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवा. केशाकर्षणाने सिमेंट आपोआप फटीतून धावत जातो. बघताना मजा येते, आणि त्या मजेतच माझा अंगठा गेला. मी पंखाचे दोन भाग बरोबर सांध्यावर बोट ठेवून धरले होते. सिमेंट सांध्यातून धावला तसा माझ्या अंगठ्याखालीही शिरला. मी नीट चिकटावं म्हणून अजून जोरात दाबलं. उचललं तेव्हा अंगठ्याच्या सगळ्या रेषा प्लास्टिकवर. म्हणून बोटं सांध्यापासून निदान एक सेंटिमीटर लांब. आणि चुकून ठसा उमटलाच तर लगेच पुसू नका. रात्रभर कडक होऊ द्या, मग घासा. ओलं असताना पुसलं की ठशाची जखम होते.

प्रत्येक सांध्याआधी कोरडी जुळवणी करा, दरवेळी. भाग बसत नसेल तर बहुतेक वेळा आत कुठेतरी देठाचा तुकडा राहिलेला असतो.

हरिकेनचा पंख मधल्या भागात सपाट आणि बाहेरच्या भागात किंचित वर उचललेला असतो. जोडल्यावर विमान समोरून डोळ्यांच्या रेषेत धरा आणि दोन्ही टोकं सारख्या उंचीवर आहेत का बघा. शेपटीचे आडवे पंखही त्याच वेळी तपासा. नसतील तर टेप लावून, खाली काड्यापेटी टेकवून रात्रभर ठेवा. सकाळी वाकडं दिसलं तर काही करता येत नाही, त्यामुळे हे झोपण्याआधी दोनदा बघा.

चाकं, प्रोपेलर, अँटेनाचा खांब, काच यातलं काहीही आता लावू नका. सूचनापत्रात त्यांचे नंबर मध्येच येतात, तिथे खूण करून पुढे जा.

६. लांबी आणि घासकाम

चोवीस तासांनी सांध्यांवर बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारी फट नखाला लागते. तिथे टूथपिकने थोडीशी लांबी भरा. थोडीशी म्हणजे खरंच थोडीशी, गणपतीच्या मूर्तीला भरतात तशी नाही. वाळल्यावर ८०० ने पाण्यात घासा, मग १२०० ने.

हरिकेनमध्ये इथे एक खास अडचण आहे. त्याच्या धडाच्या मागच्या भागाचं आवरण धातूचं नव्हतं, लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं होतं. मॉडेलवर त्या पट्ट्यांच्या बारीक उभारलेल्या रेषा असतात आणि सांधा बरोबर त्यांच्यामधून जातो. सरसकट घासलंत तर पाठ गुळगुळीत होऊन हरिकेनचा चेहराच जातो. दोन्ही बाजूंना टेप लावा, मधली जेमतेम दोन मिमीची पट्टी उघडी ठेवा, तेवढीच घासा.

७. अस्तर आणि रंग

आधी अस्तर. राखाडी प्रायमरचा पातळ थर दिला की राहिलेल्या फटी आणि ओरखडे चहाड्या सांगायला लागतात. त्या दुरुस्त करा, तिथे परत अस्तर द्या.

स्प्रेचा डबा वापरणार असाल तर पावसाळा सांभाळा. मुंबई-कोकणच्या जुलैमध्ये गॅलरीत स्प्रे मारला की हवेतली वाफ रंगात अडकून वर पांढरट साय धरते. मॅट वार्निशच्या बाबतीत तर हमखास. ओळीने दोन कोरडे दिवस मिळेपर्यंत थांबा, किंवा त्या महिन्यांत ब्रशनेच कामं करा. स्प्रे आणि थिनर दोन्ही पेट घेतात. खिडकी उघडी, गॅस बंद, देवापुढचा दिवा विझलेला.

क्रम फिक्याकडून गडदाकडे. आधी पोटाचा स्काय, तो वाळला की वर सगळीकडे डार्क अर्थ, शेवटी डार्क ग्रीनचे पट्टे. ब्रश चपटा, ६ ते ८ मिमीचा. रंग पातळ ताकासारखा. पहिल्या हाताने खालचं प्लास्टिक दिसणारच, ते बघून घाबरू नका आणि दाट रंग थापू नका. तीन पातळ हात द्या, प्रत्येकामध्ये दोन-तीन तास. ब्रश पंखाच्या पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे, म्हणजे हवा वाहते त्या दिशेने. रंग ओढायला लागला की परत त्याच जागी ब्रश नेऊ नका. ओघळ तिथेच येतात, आणि माझ्या हरिकेनच्या पोटावर असे चार आहेत.

हिरव्या पट्ट्यांचा नकाशा सूचनापत्रात असतो, पण बहुधा लहान. झेरॉक्सवाल्याकडे जा आणि वरून दिसणारं चित्र पंखांची लांबी १६९ मिमी भरेपर्यंत मोठं करून घ्या. माझा झेरॉक्सवाला पट्टी घेऊन बसलेल्या माणसाकडे आधी संशयाने बघायचा, आता स्वतःच विचारतो की यावेळी किती मिलिमीटर. त्या झेरॉक्समधून पट्टे कापा, मॉडेलवर ठेवा, कडेने पेन्सिल हलकेच फिरवा. मग आधी कडा, नंतर मधला भाग.

रंग अगदीच फसला तर विमान टाकून देऊ नका. अॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने उतरवता येतो.

८. आधी चकाकी, मग डिकल

चिन्हं आणि अक्षरं पाण्यात सोडायच्या पातळ फिल्मवर येतात, त्यांना डिकल म्हणतात. मॅट रंग सूक्ष्मपणे खडबडीत असतो. त्यावर डिकल लावलं की खाली हवा राहते आणि कडेने चंदेरी झाक येते. माझी चिन्हं कागदासारखी दिसत होती ती याचमुळे. आधी सगळ्या विमानाला ग्लॉस वार्निश द्या आणि एक दिवस वाळू द्या.

एका वेळी एकच डिकल कापा. कोमट पाण्यात वीस सेकंद, मग बाहेर ओल्या कापडावर एक मिनिट. बोटाने हलकेच सरकतंय असं वाटलं की कागदासकट जागेवर नेऊन तिथे सरकवा. कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी काढा. डिकल मऊ करणारा द्राव मिळाला तर त्याचा एक थेंब द्या. ते सुरकुततं, तुमच्या पोटात गोळा येतो, पण हात लावायचा नाही. वाळताना ते स्वतःच ताणलं जाऊन खोबणींत बसतं.

१९४० च्या हरिकेनवर तीन वेगळी चक्रं असतात. पंखांवर वरच्या बाजूला फक्त निळं-लाल, पंखांखाली निळं-पांढरं-लाल, आणि धडावर त्याच्याच भोवती पिवळं कडं. अदलाबदल इथेच होते. बर्मा आघाडीवर मात्र पुढे लाल ठिपका काढूनच टाकला, कारण जपानी विमानांवरचा लाल गोळा आणि आपलं चिन्ह यांत लांबून गल्लत व्हायची. मार्क २ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

९. थोडं मळवणं

कॅमलच्या बर्न्ट अंबर तैलरंगाचा मटारएवढा थेंब मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करा. बारीक ब्रशने खोबणींना टेकवा, तो स्वतः धावतो. अर्ध्या तासाने कापसाच्या काडीने पुढून मागे पुसा. हे डिकलवर परत एक ग्लॉसचा हात दिल्यानंतरच.

मग मॅट वार्निश. ते वाळलं की काळा-तपकिरी कोरडा पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा आणि धूर सोडणाऱ्या नळ्यांपासून मागे ओढा. इथे हात आवरा. खऱ्या विमानांची देखभाल करणारी माणसं होती.

१०. काच, आणि जे जे मोडू शकतं ते

हरिकेनची काच म्हणजे लोखंडी जाळीची खिडकी, इतक्या पट्ट्या. प्रत्येक चौकोन झाकून रंगवणं पहिल्या खेपेला जमत नाही. सोपा उपाय असा: मास्किंग टेप काचेवर ताणून लावा, तिच्यावर रंगाचे दोन हात द्या, वाळल्यावर एक मिमीच्या पट्ट्या कापा आणि चिमट्याने एकेक पट्टी काचेवर बसवा.

काच सुपरग्लूने कधीही चिकटवू नका. त्याची वाफ काचेवर आतून पांढरी बसते, आणि आत हात जात नाही. फेव्हिकॉल लावा. वाळला की पारदर्शक होतो आणि सांडलेला ओल्या काडीने पुसता येतो.

आता चाकं, प्रोपेलर, अँटेनाचा खांब. १९४० च्या बऱ्याच हरिकेनांवर खांबापासून शेपटीच्या टोकापर्यंत तार होती. व्हीएचएफ रेडिओ आल्यावर ती गेली. तुम्ही करताय त्या विमानाचा फोटो बघून ठरवा. तार हवी असेल तर रिकाम्या स्प्रूचा तुकडा निरांजनाच्या ज्योतीवर, ज्योतीला न लावता, फिरवत राहा. मधोमध मऊ होऊन लोंबला की बाजूला घ्या, दोन पर्यंत मोजा आणि हात लांब करा. केसासारखा धागा निघतो. पहिले पाचसहा तुटतात. त्याआधी टेबलावरचे सगळे थिनर दुसऱ्या खोलीत.

विमान उघड्या फळीवर ठेवू नका, धूळ बसते आणि मग कोणीतरी प्रेमाने फडकं मारतं. हरिकेनच्या डाव्या पंखाखाली हवेचा वेग मोजणारी पिटो नळी असते, दोन-तीन मिमीची. आमच्याकडे ती दिवाळीच्या साफसफाईत गेली. मी तिथे इन्सुलिनची सुई कापून लावली आणि ती मूळ भागापेक्षा बारीक आणि सरळ दिसते. आता प्रत्येक विमानाला सुरुवातीपासूनच सुई लावतो. कापताना डोळ्यांवर चष्मा घाला, तुकडा उडतो.